पडद्यावरचं धरण

सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एक धरण आलं. ते फ्लॉपीवर आलं होतं आणि लॅबमधल्या एकुलत्या एका रंगीत पडद्याच्या कॉम्प्युटरवरच नीट दिसायचं, म्हणून त्या खुर्चीसाठी रोज भांडणं व्हायची. सगळ्यात जास्त मीच भांडायचे. मला वाट बघता येत नाही. आजही बँकेत, दवाखान्यात, कुठंही बसले तरी माझा एक पाय हलत असतो. त्या वर्षी तर घरीही घरावरूनच भांडण पेटलं होतं, त्यामुळे दोन्ही पाय हलत होते.

धरण असं होतं. पडद्यावर वरच्या बाजूला तलाव, मग भिंत, भिंतीला दरवाजे, तिथून खाली उतरणारी नदी, आणि अगदी तळाशी लहान लहान चौकोनांचं एक शहर. पाऊस प्रोग्रॅम पाडायचा, त्यात आपलं काही चालत नसे. आपल्या हातात फक्त दरवाजे. वरचा बाण दाबला की ते उघडायचे, खालचा दाबला की मिटायचे, आणि एंटर मारलं की काही तास पुढे सरकायचे. पाणी जास्त सोडलं तर खालचे चौकोन एकेक करून निळे पडायचे आणि प्रत्येक चौकोनाला मशीन एकदा टीं करायचं. अजिबात सोडलं नाही तर तलाव काठोकाठ भरून भिंतच धोक्यात यायची आणि मग सगळंच निळं. शिवाय पाऊस संपेल तेव्हा तलाव भरलेला हवा, कारण पुढे वर्षभर कालव्यांना आणि विजेला तेच पाणी. शहर कोरडं आणि तलाव भरलेला, हे दोन्ही साधलं तर पास. आमचे सर म्हणायचे, खऱ्या धरणावर चुका करून शिकता येत नाही, इथे पोट भरून चुका करा.

मी केल्या. आभाळ भरल्याचा पहिला आकडा दिसला की माझं बोट वरच्या बाणावर गेलंच. तलावात पाणी चढताना मला बघवायचं नाही. मी आधीच सोडून द्यायचे, आणि शेवटी शहर वाचायचं, पण तलाव अर्धा रिकामा राहायचा. सर अस्सल सुरती, आवाज कधी चढायचा नाही. मागे उभे राहून ते म्हणायचे, "बेन, तमे बहु उतावळा छो." अडाजणसारख्या चांगल्या वस्तीतून येणाऱ्या मुली मात्र हनुवटीखाली हात ठेवून शांत बसायच्या, तलाव भरत आला तरी त्यांच्या डोळ्याची पापणी हलायची नाही. मला त्यांचा राग यायचा. त्यांची घरं त्या चौकोनांत नव्हती.

माझं होतं. म्हणजे तसं कुणाचंच नव्हतं. प्रोग्रॅम परदेशातला, नदीला नाव नाही, शहराला नाव नाही, उंची सगळी फुटांत. पण शहराच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ नदीला येऊन मिळत होती आणि त्या रेघेला लागून असलेला चौकोन दर वेळी सगळ्यात आधी निळा पडायचा. पहिल्याच दिवशी मी ठरवून टाकलं, हा आपला नवागामचा प्लॉट.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सुरतेत उधन्याला एका खात्यात माग चालवायचे. खातं म्हणजे मागांची शेड. आयुष्य भाड्याच्या खोलीत गेल्यावर त्यांनी नवागामला खाडीच्या, म्हणजे नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या, बाजूला जागा घेतली होती. आमच्याकडची पुष्कळ माणसं तिथे घरं बांधत होती. त्या गल्लीत शिरलं की सुरतेत असल्याचं विसरायला व्हायचं, दारोदार अहिराणी. आखाजीला पाया भरायचा ठरला. बाकीचे तिला अक्षय तृतीया म्हणतात, आम्हा खान्देशी लोकांना मात्र आखाजी म्हणजे दिवाळीइतकाच मोठा सण. कडियाने, म्हणजे गवंड्याने, येऊन दोरी लावून पाहिली आणि जोतं किती उंच घ्यायचं म्हणून विचारलं. आप्पांनी आपल्या गुडघ्याच्या खाली हात लावून दाखवला. मी माझ्या छातीला लावला. तिथून जे सुरू झालं ते थांबेना.

माझं म्हणणं साधं होतं. नदी चढली की खाडीचं पाणी नदीत शिरू शकत नाही, ते उलटं फिरतं आणि गल्ल्यांत घुसतं. हे मी पडद्यावर रोज बघत होते, आणि नुसतं पडद्यावर नाही, त्या गल्लीतल्या जुन्या भिंतींवर ओलीची रेघ अजून दिसत होती. आप्पा ती रेघ बघून न बघितल्यासारखं करायचे. उंच ओटा सावकाराच्या घराला असतो, असं त्यांचं मत. आपलं घर असं पाहिजे की येणारा माणूस रस्त्यावरून सरळ आत यावा, त्याला चढावं लागू नये. मायचे गुडघे दुखायचे, तिलाही पायऱ्या नको होत्या. पण खरं कारण हे नव्हतंच.

खरं कारण आप्पांचं गाव. ते नंदुरबारकडे, तापीच्या काठाला होतं. सुरतेच्या वर उकाईचं धरण झालं तेव्हा त्याच्या तलावाचं पाणी मागे फुगत फुगत तिथपर्यंत गेलं आणि गाव बुडालं. आप्पांचं तेव्हा नुकतं लग्न झालेलं. गावची माणसं कुठे कुठे पांगली, त्यातली बरीच ह्याच नदीच्या कडेने खाली सुरतेला येऊन मागांना लागली. आप्पा गावाबद्दल बोलायचे नाहीत. आखाजीला आमच्याकडे पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, ती ते अर्धीच भरायला लावायचे. मायने कारण विचारलं तर म्हणायचे, आपले पितर पाण्यातच आहेत, त्यांना अजून किती पाणी द्यायचं.

आणि जोत्याचा विषय निघाला की एकच वाक्य. "पाणीले एक डाव गाव देयेल शे. आते ते परत काय मांगी?"

एकदा गाव दिलंय, आता पाणी पुन्हा कशाला मागेल. हे ते इतक्या ठामपणे म्हणायचे की त्यांचं पाण्याशी बोलणं झालंय की काय असं वाटावं. गंमत म्हणजे गल्लीत बुडालेल्या गावांतून आलेल्या घरांत सगळ्यांचं हेच. शेजारची काकू, तिचंही माहेर तलावाखाली, तिने मायला समजावलं, "पाणीले जे लेवानं व्हतं, ते ली लिधं त्यानी." मग तिने आपल्या उंबऱ्याकडे हात केला. तो रस्त्याला टेकला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी म्हणायचे, पाण्याला काय माहीत कोणी काय दिलंय. मी कागदावर नदी, खाडी आणि आमचं घर यांचा छेद काढून आप्पांसमोर ठेवला. त्यांनी तो नीट बघितला आणि माझं अक्षर चांगलं झालंय म्हणाले. आखाजी जवळ येत होती, विटा येऊन पडल्या होत्या आणि मला रात्री झोप लागत नव्हती. शिकलेल्या मुलीचा घरात उपयोग काय, असं लोक विचारतात तेव्हा मला फार झोंबायचं, आणि आता मीच स्वतःला तेच विचारत होते. घर एकदाच होणार होतं. चुकलं तर एंटर मारून पुन्हा सुरू करता येणार नव्हतं.

शेवटी मी सरांना विचारलं, वडिलांना लॅबमध्ये आणू का. सरांनी लगेच हो म्हटलं, "लावो ने काकाने."

आप्पांच्या खात्याला वीजकपातीची सुट्टी होती त्या दिवशी मी त्यांना घेऊन गेले. त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला, टोपी घातली. लॅबच्या दाराशी चपला काढायला लावतात हे त्यांना फार आवडलं. आत एसीचा गारवा, सगळे हळू बोलणारे, आणि आप्पांना सवय मागांच्या खडखडाटावर बोलायची. त्यांनी नेहमीच्या आवाजात "हाई का तुनं धरण?" विचारलं आणि अख्खी लॅब वळून बघायला लागली. मला लाज वाटली. वाटली म्हणून स्वतःचाच राग आला.

मी पटापट दाखवायला लागले. हा तलाव, हे दरवाजे, हा पाऊस आला, आता बघा. मी मुद्दाम दरवाजे उशिरा उघडले. मशीनने टीं केलं आणि कोपऱ्यातला चौकोन निळा पडला. "देखा आप्पा, हाई आपलं नवागाम. सगळास्ना आधी बुडनं."

आप्पा तिथे बघतच नव्हते. त्यांची नजर वर होती.

"हाई भिंत, ते हाई मांगलं पाणी तलावनं?"

"हां. पन तुम्ही खाले देखा ना."

त्यांनी बोट पुढे केलं आणि काचेला न लावता तलावाच्या काठाकाठाने अगदी वरच्या टोकापर्यंत फिरवलं. मग विचारलं, "मी बठू का?"

मी कपाळाला हात लावायच्या बेतात होते, पण सरांनीच खुर्ची ओढून दिली. "बेसो काका, बेसो." मी सांगितलं, हा बाण दाबला की दरवाजे उघडतात, हा दाबला की मिटतात, हे दाबलं की वेळ पुढे जातो. आप्पांनी मान हलवली, सदऱ्याला बोट पुसलं आणि वरचा बाण दाबला. दाबून धरला.

सगळे दरवाजे उघडले. मला वाटलं त्यांना कळलं नाही. माग चालवणाऱ्या माणसाचं बोट जड, कळ दाबून सोडायची असते हे त्याला कोण सांगणार. मी म्हटलं, "आप्पा, सोडा. खाले शहर बुडी ऱ्हायनं." त्यांनी बाण सोडला आणि एंटर मारलं. पुन्हा मारलं. कोपऱ्यातला चौकोन गेला, त्याच्या शेजारचा गेला, मग अख्खी ओळ. टीं, टीं, टीं. मागून एक मुलगी फिसकन हसली. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले, आणि सरांनी माझ्या खांद्याला हलकंच बोट लावून मला थांबवलं. मी सरांकडे रागाने पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते, तेही वरच्या बाजूला.

तेव्हा मी वर पाहिलं. तलाव आटत होता. वरच्या टोकाकडून निळा रंग मागे सरत होता आणि खालून तपकिरी जमीन उघडी पडत होती. आप्पा खुर्चीच्या अगदी कडेला आले होते, मान पुढे, डोळे बारीक. खाली शहराचा एक चौकोन कोरडा उरला नव्हता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ते एंटर मारत राहिले. तलावाच्या मधोमध नदीची जुनी बारीक रेघ तेवढी उरली, दोन्ही बाजूंना तपकिरी जमीन. मग ते थांबले.

"गाव कोठे शे?" त्यांनी विचारलं.

तिथे काहीच नव्हतं. ज्याने कोणी तो प्रोग्रॅम लिहिला त्याने घरं फक्त खाली काढली होती. इतके महिने मी त्या पडद्यासमोर बसत होते, खुर्चीसाठी भांडत होते, आणि वर घरं नाहीत हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. एवढ्या पोरींसमोर रडायचं नाही म्हणून मी उगाचच की-बोर्ड सरळ करत राहिले.

सरांनी विचारलं, काका काय म्हणतात. मी गुजरातीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि आप्पांशेजारी थोडे वाकून म्हणाले, "काका, आमां उपर गाम मूक्युं ज नथी." ह्यात वर गाव ठेवलेलंच नाही. आप्पांना गुजराती चांगली कळायची. त्यांनी मान डोलावली, बरं म्हणाले, आणि मग पहिल्यांदाच खाली बघितलं.

"हाई सगळं कोनी बुडाडं?"

"तुम्ही," मी म्हटलं.

त्यांनी आपलं बोट बघितलं. मग उठले, सरांना नमस्कार केला, आणि चपला घालायला बाहेर गेले.

बसमध्ये त्यांनी खिडकी घेतली. मी शेजारी बसून आतल्या आत धुमसत होते. एक तर त्या हसणाऱ्या पोरीवर, एक सरांवर, आणि सगळ्यात जास्त ह्या गोष्टीवर, की ज्यासाठी आणलं ते त्यांनी बघितलंच नाही. आखाजी तोंडावर होती. आता पुन्हा तोच छेद काढायचा, तेच सांगायचं, तेच ऐकायचं. उधना यायला लागलं तेव्हा आप्पा खिडकीबाहेर बघतच बोलले. आवाज मोठाच. पुढच्या सीटवरच्या माणसाने मान वळवली.

"खरा धरणवर दरवाजा कोन उघाडस?"

"इंजिनियर ऱ्हास."

"त्याले वरलं दखास का खाललं?"

"दोन्ही दखास. त्यान्हाकडे आकडा ऱ्हातस."

"आकडा मन्हासमोर बी व्हतात," आप्पा म्हणाले. "माले ते वरलंच दखायनं." मग म्हणाले, "त्यानं बी गाव वर ऱ्हायनं ते?"

मी नियम सांगायला तोंड उघडलं. एकटा माणूस ठरवत नसतो, वरिष्ठ असतात, तक्ते असतात, पातळ्या ठरलेल्या असतात. आप्पा माझ्याकडे बघत होते, आणि थोड्या वेळापूर्वी अख्खं शहर बुडवताना त्यांचे डोळे कसे होते ते मला आठवलं. मी नियम सोडून दिले आणि उतरायला उठले.

दुसऱ्या दिवशी कडिया आला तेव्हा आप्पांनी त्याच्यासमोर उभं राहून आपल्या छातीला हात लावला. "आठलोंग," म्हणाले.

मी जिंकले होते आणि तरी मला चैन नव्हतं. इतकी पुस्तकं, इतकी गणितं, खाडी उलटी फिरते त्याचं इतकं रीतसर कारण, त्यातलं काही त्यांनी घेतलं नाही. वर बसलेला माणूस आपल्यासारखाच निघाला तर, एवढ्याच भीतीने त्यांनी जोतं वाढवलं. मी मायजवळ कुरकुर केली. ती म्हणाली, जोतं झालं ना, मग गप्प बस.

घर झालं. गल्लीत आमच्या घराला सावकारनं घर म्हणायला लागले आणि आप्पा ते ऐकून ओशाळे व्हायचे. माय प्रत्येक पायरीला माझा उद्धार करायची. "तुना कॉम्प्युटर चढस मी रोज," म्हणायची. कॉलेजची परीक्षाही झाली. त्या धरणाच्या प्रात्यक्षिकात मी पुन्हा दरवाजे लवकर उघडले, तलाव पुन्हा भरला नाही, आणि सरांनी मला कसंबसं काठावर पास केलं. नंतर मला एका ठेकेदाराकडे नोकरी लागली. पाया, जोतं, भराव, दिवसभर तेच.

आणि काही वर्षांनी, भाद्रपदात, वर खूप पाऊस झाला आणि उकाईचे दरवाजे उघडले. आमच्याकडे ऊन पडलं होतं. तरी सकाळपासून गल्लीच्या टोकाला पाणी दिसायला लागलं आणि दुपारपर्यंत ते आमच्या पहिल्या पायरीशी आलं. शेजारची काकू, तिची सून, त्यांचा स्टोव्ह, गाद्यांची वळकटी, सगळे आमच्या ओट्यावर. त्यांच्या घरात पाणी खिडकीपर्यंत गेलं होतं. काकू एका कोपऱ्यात बसून पाणी परत आलं एवढंच म्हणत होती, "परत उनं व माय, परत उनं." तिच्याकडे बघवत नव्हतं. मी एक काठी घेऊन आत-बाहेर करत होते, दर थोड्या वेळाने पायरीवर खूण करत होते. कोणी विचारलं नव्हतं, पण हातात काही असल्याशिवाय मला उभं राहता येईना.

संध्याकाळच्या आधी पाणी थांबलं. वरची पायरी तेवढी कोरडी होती.

आप्पा दिवसभर ओट्याच्या कडेला बसले होते. ते उठले, त्या कोरड्या पायरीवर उतरले, वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत पाणी घेतलं. मळकट, त्यात कापडाचे धागे, कुणाच्या चुलीची राख.

माय वरून ओरडली, "टाकी द्या ते. गटारनं शे."

आप्पांनी टाकलं नाही. "आमना गाववरथीन उनं शे," म्हणाले. आमच्या गावावरून आलंय. जन्मभर मागांच्या आवाजावर ओरडून बोललेला माणूस, पण हे त्यांनी इतकं हळू म्हटलं की मी त्याच पायरीवर शेजारी उभी होते म्हणून मला ऐकू आलं. खाडीचं पाणी कोणतं, नदीचं कोणतं, उलटं कोण फिरलं, हे मला सगळं सांगता आलं असतं. मी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

मायला काहीच ऐकू गेलं नव्हतं. तिने आतून साबण आणला आणि त्यांच्यासमोर धरून उभी राहिली, हात धुवा म्हणाली. पाणी ओंजळीतून झिरपून संपेपर्यंत आप्पांनी हात उघडले नाहीत.